दोस्तीच्या तहांतून महायुद्ध

सन १९१४ च्या जून महिन्याची २८ तारीख. ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचा युवराज फ्रान्झ फर्डिनंड आपल्या पत्नीसह साराजेवो नगरीस आला होता. तेथे गाव्रिलो प्रिन्सिप नावाच्या १९ वर्षांच्या तरुणाने पिस्तुलातून गोळ्या झाडून दोघांचाही प्राण घेतला. हे कृत्य घोर खरे. परंतु त्याचा संबंध फार तर ऑस्ट्रिया व तिचा शेजारी सर्बिया एवढ्यांशीच होता. असे असता पुढील ३७ दिवसांत युरोपातील पाच बलाढ्य राष्ट्रे रणांगणात उतरली, ती का?

याचे उत्तर शोधावयाचे तर बरेच मागे जावे लागते. रशियाने एकावर हल्ला केल्यास दुसऱ्याने मदतीस धावून जावे, असा तह जर्मनी व ऑस्ट्रिया यांनी १८७९ साली केला. १८८२ साली इटली त्यांना येऊन मिळाली. आपण एकाकी पडलो, या भीतीने मग फ्रान्स व रशिया यांनी १८९४ साली परस्परांचा हात धरला. इंग्लंडने १९०४ साली फ्रान्सशी व १९०७ साली रशियाशी असलेले जुने तंटे मिटविले. मात्र युद्धात साहाय्य करण्याचे लेखी वचन देण्याचे टाळले. आपला तह केवळ संरक्षणासाठी आहे, असे प्रत्येक जण सांगे, आणि ते सर्वस्वी खोटे होते असेही नाही. पण एकाला जे संरक्षण वाटे, तोच दुसऱ्याला आपल्याभोवती पडलेला वेढा वाटे.

युवराजाच्या वधानंतर जर्मनीने ऑस्ट्रियाला पूर्ण पाठिंब्याचे आश्वासन दिले. त्या बळावर ऑस्ट्रियाने २३ जुलै रोजी सर्बियाला ४८ तासांच्या मुदतीचा निर्वाणीचा खलिता धाडला. सर्बियाने बहुतेक अटी मान्य केल्या. तरीही २८ जुलैस ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले. रशियाचा सर्बियाशी असा कोणताही तह नव्हता. तथापि सर्ब लोक आपल्याच स्लाव्ह वंशाचे, त्यांना वाऱ्यावर सोडले तर आपली पत राहणार नाही, असे रशियाला वाटले. जर्मनीचा कैसर आणि रशियाचा झार हे एकमेकांचे आप्त; दोघांनी युद्ध टाळण्यासाठी तारांमागून तारा पाठविल्या. त्यांचा उपयोग झाला नाही. ३० जुलै रोजी झारने संपूर्ण सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम दिला.

येथे आगगाडीचा संबंध येतो. लक्षावधी सैनिक सरहद्दीवर नेण्यासाठी प्रत्येक गाडीची वेळ जर्मन सेनानींनी अनेक वर्षांपूर्वीपासून ठरवून ठेवली होती. रशिया अफाट, त्याचे सैन्य जमण्यास वेळ लागणार. तेवढ्या अवधीत बेल्जियममधून घुसून फ्रान्सला नमवावे, अशी त्यांची योजना होती. म्हणजे भांडण रशियाशी आणि पहिला घाव फ्रान्सवर! १ ऑगस्टला जर्मनीने रशियाशी युद्ध पुकारले. त्याच दिवशी, इंग्लंड व फ्रान्स कदाचित तटस्थ राहतील असे कानी येताच कैसरने सेनापती मोल्ट्के यास सर्व सैन्य पूर्वेकडे वळविण्यास सांगितले. ते आता शक्य नाही, असे सेनापतीने उत्तर दिले. ती वार्ताही लवकरच निराधार ठरली.

३ ऑगस्टला फ्रान्सशी युद्ध जाहीर झाले. ४ ऑगस्टला जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरले. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या तहाने मोठ्या राष्ट्रांनी दिली होती. त्या तहाकडे बोट दाखवून इंग्लंड त्याच दिवशी युद्धात उतरले.

वचन दिलेले सर्वच जण वचनास जागले असे मात्र नाही. ऑस्ट्रियानेच आधी हल्ला केला, या सबबीवर इटली अलिप्त राहिली आणि १९१५ साली चक्क विरुद्ध पक्षास मिळाली. इंग्लंडचा दोस्त जपान ऑगस्टमध्येच युद्धात उतरला. जर्मनीशी गुप्त तह केलेल्या तुर्कस्तानने ऑक्टोबरात काळ्या समुद्रावरील रशियन बंदरांवर तोफा डागल्या.

हिंदुस्थानने तर कोणाशीच तह केला नव्हता. तो पारतंत्र्यात असल्यामुळे त्याचे मत विचारण्यात आले नाही. इंग्लंडच्या युद्धात तो आपोआप ओढला गेला. दहा लाखांहून अधिक हिंदी लोक सैन्याबरोबर परदेशी गेले. तुर्कांशी लढण्यासाठी पुणे डिव्हिजन इराकात पाठविण्यात आली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. तैग्रिस नदीकाठच्या कूत या गावी ती वेढ्यात सापडली आणि अन्न संपल्यामुळे २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शस्त्रे खाली ठेवावी लागली. कैद झालेल्या शिपायांपैकी पुष्कळ जण परत आलेच नाहीत.