केमिस्ट्रीत एमएस्सी करायचंय? आधी गणिताचं बघा

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची मुलं-मुली भेटली की आम्हाला हमखास विचारतात, एमएस्सीला ऑरगॅनिक घेऊ की अ‍ॅनालिटिकल? ऑरगॅनिकवाल्यांना औषध कंपन्यांच्या संशोधन विभागात वाव आहे, अ‍ॅनालिटिकलवाल्यांना क्वालिटी कंट्रोलमध्ये. दोन्ही वाटा बऱ्या. खरी अडचण त्याआधीची आहे.

आपली बरीच मुलं बारावीला गणित सोडतात आणि बीएस्सीला केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी घेतात. एमएस्सीच्या पहिल्याच वर्षी क्वांटम केमिस्ट्री येते, श्रोडिंजरचं समीकरण समोर उभं राहतं. रेणूंची सममिती शिकायची तर ग्रुप थिअरी, आणि ती मॅट्रिक्सच्या भाषेत. हुशार मुलगी फिजिकलच्या पेपरात अडकते आणि 'हे आपल्यासाठी नाहीच' असं ठरवून मोकळी होते. तिला केमिस्ट्री येत नाही असं नसतं. तिचं दोन वर्षांचं गणित राहिलेलं असतं, एवढंच.

आयआयटीत एमएस्सीसाठी 'जॅम' ही प्रवेश परीक्षा असते. तिच्या केमिस्ट्रीच्या अभ्यासक्रमात फंक्शन, इंटिग्रल, डिफरन्शियल समीकरणं, मॅट्रिक्स, डिटर्मिनंट, संभाव्यता हे सगळं आहे. काही संस्था बारावीला किंवा बीएस्सीला गणित असण्याची अटही घालतात, ती अर्जाआधी वाचा. पेपर तीन तासांचा, ६० प्रश्न, १०० गुण. त्यातल्या एकच पर्याय बरोबर असलेल्या ५० गुणांच्या प्रश्नांनाच निगेटिव्ह मार्किंग आहे. उरलेल्या ५० गुणांत आकडेमोडीचे ३० गुण आहेत. तिथे चुकलं तरी गुण कापत नाहीत, पण पर्याय दिलेले नसल्याने अंदाजही चालत नाही. गणित आलंच पाहिजे.

बालभारतीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्सची प्रकरणं आधी घ्या, भूमिती राहू द्या. शिकवणीचे पैसे भरण्याआधी शेजारच्या गणितवाल्या मित्राला धरा.

आणखी एक. जॅमच्या राखीव जागेसाठी जातीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतो. १९९० च्या दुरुस्तीने धर्मांतरित बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या, पण अनेकांच्या घरात दाखला असतो तो फक्त राज्याच्या नमुन्यातला. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरले जातात, परीक्षा फेब्रुवारीत होते. तेव्हा दाखल्यासाठी सेतू केंद्राची फेरी जून-जुलैतच मारा.