वैद्यपरीक्षेचें प्रामाण्य

घरांत मूल तापानें फणफणलें म्हणजे आपण डॉक्टरांकडे धांव घेतों. त्यांच्या दारावरील पाटीवर पदवीचीं अक्षरें असतात. पण ती पाटी लावण्याची अनुज्ञा त्यांस कोणत्या कसोटीवर मिळाली, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. अनुज्ञेची ही कल्पना आपणांस परकी नव्हे. शास्त्र पढलेल्या, कर्में पाहिलेल्या आणि हातानें सराव केलेल्या वैद्यानेंही राजाची अनुज्ञा मिळाल्यावरच व्यवसायांत पाऊल टाकावें, असें सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत सांगितलें आहे. त्याच्या आदल्याच अध्यायांत छेदनकर्माचा सराव कोहळा, दुध्या, काकडी इत्यादि फळांवर करावा, असेंही आहे. म्हणजे जिवंत माणसापूर्वीं त्याच्या जागीं दुसरें कांहीं ठेवून हात पारखावा, हा विचार जुनाच.

अनुज्ञा द्यावयाची ती कशी पारखून, या प्रश्नाचा कसून विचार अमेरिकेंत झाला. तेथें १९१५ सालीं राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षक मंडळ स्थापन झालें व पुढल्याच वर्षीं त्याची पहिली परीक्षा झाली. निबंधवजा उत्तरें, तोंडी प्रश्न आणि प्रत्यक्ष रोग्याच्या खाटेशीं परीक्षा, असा त्या काळचा थाट होता. खाटेशीं घेतलेल्या परीक्षेहून खरी परीक्षा ती कोणती, असें कोणासही वाटेल. परंतु एका उमेदवाराच्या वांट्यास साधें पोटदुखीचें दुखणें येई, तर दुसऱ्याच्या वांट्यास निदानास अवघड असा रोग. एक परीक्षक उदार, दुसरा खाष्ट. मंडळानें हिशेब मांडून पाहिला, तेव्हां एकाच उमेदवारास दोन परीक्षकांनीं दिलेल्या गुणांत फारच थोडा मेळ आढळला. ज्यांनीं निबंधांचे गठ्ठे तपासले आहेत, त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. भोजनापूर्वींचे गुण आणि भोजनोत्तर गुण यांत अंतर पडतें, हें आम्हां मास्तरमंडळींस पुरतें ठाऊक असतें! मंडळानें निबंध टाकून पर्यायी उत्तरांचे प्रश्न स्वीकारले, आणि १९६० नंतर खाटेजवळची ती परीक्षाही बंद केली.

यानें गुणांत एकसारखेपणा आला. पण एकसारखेपणा म्हणजे प्रामाण्य नव्हे. नेहमीं पावशेर कमी दाखविणारा कांटाही एकसारखाच असतो. प्रश्नपत्रिकेंत अचूक खूण करणारा मनुष्य घाबरलेल्या आजीबाईंकडून दुखण्याची हकीकत नीट काढून घेईल कीं नाहीं, हें त्या खुणेवरून कसें कळावें?

यावर दोघांनीं मार्ग काढला. हॉवर्ड बॅरोज यांनीं १९६३ च्या सुमारास कॅलिफोर्नियांत धडधाकट माणसांस रोग्याची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांपुढें बसविलें. पुढें १९७५ सालीं स्कॉटलंडांतील डंडी येथील रोनाल्ड हार्डन यांनीं अशी परीक्षा प्रसिद्ध केली कीं, तींत विद्यार्थी घंटा वाजतांच एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर जातो. प्रत्येक ठाण्यावर एकेकच काम, आणि सर्वांस तेंच काम, तीच वेळ, गुणांचें तेंच टिपण. खाटेजवळच्या परीक्षेंतील जिवंतपणा राखून तींतील नशिबाचा खेळ कमी करण्याची ही युक्ति मला फार शहाणपणाची वाटते.

कॅनडाच्या वैद्यकीय परिषदेनें या धर्तीची परीक्षा १९९२ पासून परवान्यासाठीं लावली. मग रॉबिन टॅम्ब्लिन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं परीक्षेचीच परीक्षा घेतली. १९९३ ते १९९६ या काळांत ती देऊन ओंटारिओ व क्वेबेक या प्रांतांत व्यवसाय करूं लागलेल्या ३४२४ डॉक्टरांचे गुण एका बाजूस, आणि २००५ पर्यंत त्यांच्याविरुद्ध नियामक मंडळांकडे आलेल्या तक्रारी दुसऱ्या बाजूस, असे त्यांनीं मांडले. २००७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: रोग्याशीं संभाषणाचे गुण जसजसे खालीं, तसतशा तक्रारी अधिक, आणि लेखी परीक्षेचे गुण हिशेबांत धरले तरी हा संबंध टिकून राहिला.

लेखी परीक्षेसही मात्र न्याय दिला पाहिजे. पेनसिल्व्हानियांत परदेशीं शिकलेल्या डॉक्टरांच्या हातीं आलेल्या सुमारें ६१,००० हृदयरुग्णांचा शोध जॉन नॉर्सिनी आदींनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत परवान्याच्या लेखी परीक्षेंत अधिक गुण मिळविणाऱ्यांच्या रोग्यांत मृत्यु कमी दिसले. पाठांतर म्हणून ज्ञानाला नाक मुरडणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

असें असतां पुढें झालें तें खेदाचें आहे. अमेरिकेनें २००४ पासून परवान्यासाठीं बारा बनावट रोग्यांची परीक्षा आवश्यक केली होती. ती अवघ्या पांच शहरांत होई, शुल्क हजार डॉलरांहून अधिक, आणि तेथील विद्यालयांचे शेकडा नव्वदांहून अधिक विद्यार्थी उत्तीर्ण होत. म्हणून खर्च व्यर्थ, अशी ओरड आधींपासून होतीच. २०२० सालच्या साथींत ती थांबली व २०२१ च्या जानेवारींत कायमची रद्द झाली. त्याच वर्षीं कॅनडानेंही आपली परीक्षा बंद केली. बहुतेक सारे उत्तीर्ण होतात, हा परीक्षा मोडण्याचा पुरावा मला पटत नाहीं. परीक्षा आहे म्हणूनच विद्यालयें तो विषय मन लावून शिकवितात.

आपल्याकडे २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यानें व्यवसायाचा परवाना आणि पदव्युत्तर प्रवेश या दोहोंसाठीं एकच परीक्षा योजिली आहे. परवान्याचा प्रश्न असतो, ‘हा पुरेसा आहे काय?’, प्रवेशाचा असतो, ‘यांत सरस कोण?’ अमेरिकेंत पहिल्या टप्प्याच्या गुणांवरून पुढील जागा देण्याची अशीच चाल पडली होती, आणि विद्यार्थी बाकीचें शिक्षण सोडून त्या गुणांमागें लागले. अखेर २०२२ पासून त्या टप्प्याचे गुण सांगणें बंद करून केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण एवढेंच कळविण्यांत येऊं लागलें. आपली परीक्षा रचणाऱ्यांनीं तो अनुभव आधींच वाचून ठेवावा.