उत्तरेच्या सागरवाटेवर, औषधांच्या डब्यासह

“डॉक्टर, मध्यरात्रीचा सूर्य पाहायचा आहे. जाऊ ना?” शहात्तर वर्षांच्या एका निवृत्त शिक्षकांनी मला विचारले. हृदय दुर्बल, पण प्रकृती स्थिर होती. मी होकार दिला. जूनमध्ये ते पत्नीसह नॉर्वेच्या किनाऱ्याने जाणाऱ्या एका छोट्या जहाजावर चढले.

ही सागरवाट जुनी आहे. १८९३ पासून टपाल, माल आणि माणसे घेऊन जहाजे या किनाऱ्याने ये-जा करीत आली. बर्गनमधील ब्रिगेन ही व्यापाऱ्यांची लाकडी वखारवस्ती १९७९ पासून जागतिक वारसा आहे. १९०४ च्या आगीत भस्मसात झालेले ओलेसुंद नव्याने, देखण्या दगडी इमारतींसह उभे राहिले. जहाज बहुतेक वेळ बेटांच्या आडोशाने चालते; मात्र स्टाड भूशिरापाशी आणि लोफोटेन बेटांकडे जाताना ते खुल्या समुद्रात येते.

पाचव्या दिवशी पत्नींचा फोन आला. “हे दोन रात्री उशीला टेकून, बसूनच झोपतात. पावलेही सुजली आहेत.” किनाऱ्यावरच्या फेरफटक्यात स्वच्छतागृह मिळेल का, या धास्तीने सरांनी लघवीची गोळी बंद केली होती. जहाजावर डॉक्टर नव्हते. पुढच्या बंदरात त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तीन दिवसांनी ते सावरले. मध्यरात्रीचा सूर्य त्यांनी तेथील खिडकीतून पाहिला. चूक माझीही होती. गोळ्या लिहून दिल्या, पण ‘फिरायच्या दिवशी काय करायचे’ हे मी सांगितले नव्हते.

म्हणून आता निघण्यापूर्वी मी पुढील गोष्टी आवर्जून सांगतो.

लघवीची गोळी चुकवू नये. तिची वेळ फेरफटक्यानंतर ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. नॉर्वेचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते; औषधांचे वेळापत्रक आधीच लिहून घ्यावे. औषधे आणि इन्सुलिन हातातल्या पिशवीत असावीत. विमानात सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठू शकते.

बसप्रवासात सर्रास घेतली जाणारी उलटीची गोळी ज्येष्ठांनी स्वतःहून घेऊ नये. तिने गुंगी, गोंधळ, प्रोस्टेट वाढलेल्यांना लघवी अडकणे असे त्रास होतात. काचबिंदू असणाऱ्यांनीही जपावे. जहाजाच्या मध्यभागातील खालची खोली घ्यावी आणि मळमळल्यास डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहावे. रात्रीही उजेड असतो, तेव्हा झोपताना डोळ्यांवर पट्टी बांधावी. नीट झोप न झाल्यास पाय अडखळतो. डेकवर एक हात नेहमी कठड्यावर असू द्यावा.

आरक्षणापूर्वी जहाजावर डॉक्टर आहेत का हे विचारावे आणि जुन्या आजारांनाही संरक्षण देणारा प्रवासविमा घ्यावा.

सोबत्यांनो, आप्तांची पावले आणि उशा रोज पाहा. चप्पल घट्ट होणे, उशा वाढणे किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी चढणे, ही हृदयाची हाक असते. ती ऐकली की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

सर पुढल्या वर्षी पुन्हा जाणार आहेत. यावेळी सूर्य डेकवरून पाहायचा, असे त्यांनी मला बजावून सांगितले आहे.