रूट कॅनाल: हाताच्या फाईल, रोटरी आणि भरणीच्या पद्धती, नेमका फरक काय?

रूट कॅनाल करायचं ठरलं की दवाखान्यात पुढचा प्रश्न हमखास येतो: "डॉक्टर, साधं करायचं की मशीनचं?" दोन्हींच्या दरात फरक असतो, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. मी दंतवैद्य आहे, हेच काम रोज करते. म्हणून या लेखात नळी साफ करायच्या आणि ती भरायच्या पद्धती शेजारी शेजारी ठेवून बघू. जास्तीचे पैसे नक्की कशाचे, हेही त्यातून कळेल.

मुळात काम काय असतं?

दाताच्या आत मऊ मगज असतो. बोलताना आपण त्याला 'नस' म्हणतो. तो मुळांतल्या बारीक नळ्यांमधून खाली जातो. पुढच्या दाताला बहुतेक वेळा एकच नळी असते, खालच्या दाढेला साधारण तीन, आणि वरच्या पहिल्या दाढेत बऱ्याचदा चौथी लपून बसलेली असते.

कीड मगजापर्यंत पोचली की जंतू या नळ्यांत शिरतात. खरा शत्रू जंतूच, हे १९६५ साली अमेरिकेतल्या काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. त्यांनी उंदरांच्या दातांतला मगज उघडा केला. साध्या उंदरांमध्ये तो सडला, पण जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये जखम भरून आली. म्हणजे आपलं काम तीन टप्प्यांचं: नळी रुंद करून वाट मोकळी करायची, जंतू मारायचे आणि नंतर ती नीट बंद करायची.

हाताच्या फाईल

ही स्टीलची बारीक, पीळदार सुई. बोटांत धरून फिरवायची, घासायची आणि एकेक नंबर वाढवत जायचं. २५ नंबरच्या फाईलचं टोक ०.२५ मिमी जाड असतं. वर जाताना दर मिलिमीटरला ती ०.०२ मिमीने रुंद होते, म्हणजे १६ मिमीवर ०.५७ मिमी. तिच्या मुठीचा रंग लाल. हे नंबर आणि रंग जगभर सारखेच असतात.

हाताच्या फाईलचा मोठा गुण म्हणजे स्पर्श. नळी कुठे अडली, कुठे वळली, ते बोटांना कळतं. दोष असा की स्टील ताठ असतं. वाकड्या मुळात जाड फाईल घातली की ती सरळ व्हायला बघते आणि नळीच्या भिंतीत खाच पडते. वाईटात वाईट म्हणजे मुळाला बाजूने भोक पडतं. शिवाय वेळ जास्त लागतो.

रोटरी

इथे धातू बदलतो. निकेल-टायटॅनियमचा निटिनॉल हा मिश्रधातू अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला. १९८८ मध्ये वालिया आणि सहकाऱ्यांनी दात सरळ करायच्या तारेपासून त्याची फाईल बनवून तपासली. ती स्टीलपेक्षा कितीतरी लवचीक निघाली. वाकवून सोडली की परत सरळ होते, त्यामुळे वाकड्या नळीतही ती मूळ वाटेने जाते.

मोटरवर ही फाईल साधारण मिनिटाला २५० ते ३५० फेरे घेते. तिची रुंदी दर मिलिमीटरला ४ किंवा ६ टक्क्यांनी वाढत असल्याने कमी फाईलमध्ये नळीला छान निमुळता आकार येतो.

धोका तुटण्याचा. वळणावर फिरताना धातू थकतो आणि बरेचदा बाहेरून काहीच दिसत नसताना फाईलचं टोक आत तुटतं. म्हणून फाईल किती वेळा वापरली याला महत्त्व आहे. आणखी एक गोष्ट पेशंटना सहसा माहीत नसते: मशीनच्या रूट कॅनालमध्येही आधी १० किंवा १५ नंबरची हाताची फाईल घालून वाट करावीच लागते.

पुढे-मागे फिरणारी फाईल

फाईल एका दिशेने सतत फिरवण्याऐवजी, समजा, १५० अंश पुढे आणि ३० अंश मागे फिरवली तर? कापताना अडकायच्या आत ती मागे येऊन सुटते. अशा तीन हेलकाव्यांत एक पूर्ण फेरा होतो. घसान यारेद यांनी २००८ मध्ये एकाच फाईलने काम भागवायची पद्धत मांडली आणि त्यानंतर खास या चालीसाठी फाईल बाजारात आल्या. काम झटपट होतं, थकून तुटण्याचा धोकाही कमी होतो.

फाईल जिथे पोचतच नाही

झुरिचच्या पीटर्स यांच्या गटाने २००१ मध्ये वरच्या दाढांचं सूक्ष्म सीटी स्कॅनिंग केलं. पद्धत कुठलीही वापरली तरी नळीच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग फाईलने शिवलेलाच नव्हता! नळी गोल नसते. ती चपटी असते, तिला फाटे असतात.

म्हणून खरी सफाई द्रावणं करतात. सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे कपड्यांच्या ब्लीचमधलाच पदार्थ, जंतू मारतो आणि मेलेला मगज विरघळवतो. १७ टक्क्यांचं ईडीटीए भिंतीवर बसलेला भुसा काढतं. फाईलचं काम या द्रावणांना खोलवर वाट करून देणं. रोटरीने वेळ वाचतो, तो वेळ धुण्याला द्यायला हवा. लवकर उरकण्याच्या नादात धुणंच कमी केलं, तर मशीनचा फायदा तिथेच संपला.

भरणीच्या तीन पद्धती

भरायला वापरतात ते गटापर्चा, मलायाकडच्या झाडाचा चीक. एकेकाळी समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलवर याचंच आवरण असायचं. आपल्या काडीत मात्र तो पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतो, बाकी बहुतेक झिंक ऑक्साइड. सोबत सिमेंटसारखा सीलर लागतो.

* थंड, बाजूने दाबून: एक मुख्य काडी घालायची, ती बाजूला दाबायची आणि जागा होईल तशा बारीक काड्या खोचायच्या. लांबीवर ताबा राहतो, खर्च कमी. पण काड्या एकजीव होत नाहीत आणि जोर जास्त झाला तर मूळ तडकू शकतं.
* गरम करून: हर्बर्ट शिल्डर यांनी १९६७ मध्ये मांडलेली पद्धत. गटापर्चा वितळवून दाबला की फाट्यांमध्येही शिरतो. पण तो मुळाच्या टोकाबाहेर जाण्याची शक्यता वाढते. २००७ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा थंड आणि गरम पद्धतींच्या दीर्घकालीन यशात ठळक फरक दिसला नाही.
* एकच काडी आणि बायोसिरॅमिक सीलर: जुने सीलर आकसायचे किंवा विरघळायचे, म्हणून एका काडीवर कोणी भरवसा ठेवत नसे. कॅल्शियम सिलिकेटचे नवे सीलर ओलाव्यानेच घट्ट होतात आणि फारसे आकसत नाहीत. रोटरी फाईलच्या मापाची काडी घातली की काम सोपं. अडचण एवढीच की पुढे पुन्हा उघडायची वेळ आली तर हा सीलर काढणं कठीण जातं.

मग पैसे कशावर घालायचे?

वाकड्या मुळांची दाढ असेल तर रोटरीचा जादा खर्च सार्थकी लागतो. पुढच्या सरळ, एका नळीच्या दाताला हाताच्या फाईलनेही उत्तम काम होतं.

पण एक हिशेब बरेच जण उलटा करतात. रोटरीला होकार देतात आणि "कॅप नंतर बघू" म्हणतात. मग सहा महिन्यांनी दाढ उभी चिरते किंवा वरून लाळ झिरपून आत परत जंतू जातात. रे आणि ट्रोप यांनी १९९५ मध्ये हजाराहून जास्त दातांचे एक्स-रे तपासले. मुळाच्या टोकाशी जंतुसंसर्ग नसण्याशी आतल्या भरणीपेक्षा वरच्या फिलिंगच्या दर्जाचा संबंध जास्त दिसला. पुढच्या अभ्यासांनी दोन्ही चांगलं असणं गरजेचं ठरवलं. त्यामुळे बजेट मोजकं असेल तर हाताने केलेलं नीट रूट कॅनाल आणि दाढेवर वेळेत कॅप, हा सौदा मला विनाकॅपच्या रोटरीपेक्षा केव्हाही परवडणारा वाटतो.

खुर्चीवर बसण्याआधी एवढं मात्र जरूर विचारा: लाळ आत जाऊ नये म्हणून रबर डॅम लावणार का? नळीची लांबी एपेक्स लोकेटर आणि एक्स-रे, दोन्हींनी मोजणार का? फाईल नवी असेल का? आणि कॅप कधी बसवणार? विचारायला संकोच करू नका. दात तुमचा आहे.