फलाटावरचा प्रश्न

१९८७च्या ऑक्टोबरचा मध्य. दिवाळी आठवड्यावर आली होती. हैदराबाद स्थानकावर मद्रासची गाडी उभी होती आणि माझा महाविद्यालयीन मित्र, तेव्हा सैन्यात कॅप्टन, रजा अर्धवट सोडून निघाला होता. त्याची पलटण जाफन्यात होती; परत बोलावल्याची तार सकाळीच आली होती. त्याच्या आईने चिवड्याचा डबा दिला होता. तो सामानात मावेना, म्हणून मी हातात धरून उभा होतो.

मी इतिहासाचा पदव्युत्तर आणि नुकताच प्रशासकीय सेवेत आलेला, त्यामुळे त्याने मलाच विचारले, ‘‘मी तिथे नेमका कोणाच्या बाजूने आहे, सांगशील?’’

२९ जुलैचा भारत-श्रीलंका करार मी वाचला होता. स्वाक्षरीनंतर ४८ तासांत युद्धविराम, त्यानंतर ७२ तासांत शस्त्रे खाली. गरज भासल्यास युद्धविरामाची हमी देण्यासाठी व तो अमलात आणण्यासाठी श्रीलंकेचे अध्यक्ष भारतीय शांतिसेनेला पाचारण करू शकतील, असेही परिशिष्टात होते. स्वाक्षऱ्या राजीव गांधी आणि जयवर्धने यांच्या. शस्त्रे ज्यांच्या हाती होती त्या ‘लिट्टे’ची नव्हती. हमी देणे आणि अमलात आणणे या दोन क्रियापदांमध्ये केवढे अंतर असते, हे मसुदा लिहिणाऱ्यांच्या ध्यानी आले नसेल असे मला वाटत नाही. पण ते अंतर पार करायचे होते माझ्या मित्राला. मी म्हणालो, ‘‘शांततेच्या बाजूने.’’ तो हसला. सरकारी उत्तर त्याला ओळखू आले.

जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या ३० जवानांपैकी एकच जण जिवंत राहिला, हे आम्हा दोघांनाही तेव्हा ठाऊक नव्हते.

आपल्याकडे परदेशी सैन्य धाडण्यासाठी संसदेची पूर्वसंमती घ्यावी लागत नाही, निर्णय मंत्रिमंडळाचा. तातडीच्या प्रसंगी ते सोयीचेही असते, हे मी प्रशासनातला माणूस म्हणून नाकारणार नाही. परंतु उद्दिष्ट काय आणि परतायचे केव्हा, हे जाहीरपणे विचारले जाण्याची जागाच त्यामुळे उरत नाही. अखेरची तुकडी २४ मार्च १९९० रोजी त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासमधील स्वागताला राज्याचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. तमिळ मनातील रोष मी समजू शकतो. पण त्या रोषाचे धनी जवान नव्हते. अकराशेहून अधिक जण परतलेच नाहीत. त्यांचे स्मारक श्रीलंकेने कोलंबोजवळ उभारले, तेही दिल्लीत २०१९ साली राष्ट्रीय युद्ध स्मारक होण्याच्या आधी.

माझा मित्र परतला. त्या दिल्लीच्या स्मारकात आम्ही एकदा बरोबर गेलो. ग्रॅनाइटवरच्या सोनेरी अक्षरांत त्याने दोन नावे शोधून काढली आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. बाहेर पडताना म्हणाला, ‘‘आईचा चिवडा या दोघांनी संपवला होता. मला मूठभरच मिळाला.’’