शरीराचे निरोप : लेखांक ११ – ‘शुगर लो झाली’, हे ठरवायचं कुणी?

यकृत आणि स्वादुपिंड मिळून रक्तातली साखर कशी सांभाळतात, ते मागच्या लेखांकात पाहिलं. या वेळी त्या साखरेवर येणाऱ्या नाहक आळाविषयी. हात थरथरतात, छातीत धडधडतं, कपाळावर घाम येतो, पोटात खड्डा पडल्यासारखं वाटतं. घरातलं कुणीतरी ‘शुगर लो झाली असणार’ म्हणतं आणि साखरपाण्याचा पेला पुढे येतो. दहा मिनिटांत बरं वाटतं आणि निदानावर शिक्कामोर्तब होतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या मधुमेही माणसाच्या बाबतीत हा पेला योग्यच. प्रसंगी जीव वाचवणारा. पण ज्याला मधुमेह नाही आणि असलं कुठलं औषधही चालू नाही, त्याच्या बाबतीत हे निदान बहुतेक वेळा चुकतं. ते चुकतं यात त्याचा अडाणीपणा नाही. शरीराची रचनाच फसवी आहे.

रक्तातली साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या आसपास उतरू लागली की शरीर ग्लुकागॉन आणि ॲड्रेनालिन सोडतं. यकृताने साठवलेली साखर बाहेर काढावी, हा त्यामागचा हेतू. थरथर आणि धडधड ही या ॲड्रेनालिनची करणी, साखरेची थेट नव्हे. आणि हेच ॲड्रेनालिन भीतीतही सुटतं. दारावरची घंटा एकच असेल, तर कोण आलंय हे नुसत्या आवाजावरून कळायचं कसं? हार्वर्डमधले शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी ही घंटा दोन्ही बाजूंनी तपासली. पिंजऱ्यातल्या मांजरावर कुत्रा भुंकवला की मांजराच्या लघवीत साखर उतरते, हे त्यांनी १९११ च्या सुमारास दाखवलं. पुढे १९२४ मध्ये, इन्सुलिनने साखर पाडली की ॲड्रेनालिन वाढतं, हेही दाखवलं. पहिल्या प्रयोगातली गोम लक्षात घ्यायला हवी. भीतीने साखर कमी होत नाही, झालीच तर वाढते. म्हणजे घाबरल्यामुळे हातपाय गळालेल्या माणसाला आपण जी वस्तू पाजतो, ती त्याच्या रक्तात त्या क्षणी पुरेशी, कदाचित नेहमीपेक्षा जास्तच असते.

मग खरं काय ते ठरवायचं कसं? न्यूयॉर्कचे शल्यविशारद ॲलन व्हिपल यांच्यासमोर १९३० च्या दशकात हाच प्रश्न होता, फक्त अधिक गंभीर रूपात. स्वादुपिंडात इन्सुलिन सोडणारी गाठ आहे असं समजून कुणाचं पोट उघडायचं आणि कुणाचं नाही? त्यांनी तीन अटी घातल्या. लक्षणं हवीत, त्याच वेळी मोजलेली साखर खरोखर कमी हवी, आणि साखर दिल्यावर लक्षणं जायला हवीत. आपल्या घरगुती निदानात पहिली आणि तिसरी अट असते. मधली गाळलेली असते. ती गाळल्याने काय होतं, ते अमेरिकेने भोगलं. १९७० च्या आसपास तिथे थकव्यापासून चिडचिडीपर्यंत सगळ्याचं खापर ‘लो शुगर’वर फुटू लागलं. लाट इतकी मोठी, की १९७३ मध्ये तिथल्या मधुमेह, अंतःस्रावी ग्रंथी आणि वैद्यक क्षेत्रांतल्या तीन प्रमुख संघटनांना एकत्र येऊन, या तक्रारींमागे बहुसंख्य लोकांत साखर नाही, असं जाहीर करावं लागलं. तोवर निदान व्हायचं ते उपाशीपोटी ग्लुकोज पाजून काही तास साखर मोजण्याच्या चाचणीवर. पण त्या चाचणीत निरोगी माणसांचीही साखर बऱ्यापैकी खाली जाते, आणि त्यांना काही होत नाही. १९८९ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी जास्त सरळ मार्ग धरला : जेवणानंतर असा त्रास होणाऱ्या २८ जणांनी रोजच्या जगण्यात, त्रास होत असतानाच बोटाचं रक्त घ्यायचं. त्यातल्या अगदी थोड्या नमुन्यांत साखर खरोखर खाली गेलेली निघाली.

‘पण साखर खाल्ल्यावर बरं वाटतं, त्याचं काय?’ हा आक्षेप रास्त आहे. मात्र भीतीचा झटका साधारण दहा मिनिटांत शिखर गाठतो आणि मग आपणहून ओसरतो. रक्तातलं ॲड्रेनालिन काही मिनिटांतच निवळतं. तेवढ्यात आपण बसलेले असतो, पाणी प्यालेलो असतो, कुणीतरी शेजारी असतं. श्रेय मात्र साखरेला मिळतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार : साखर फार खाली न जाताही झपाट्याने घसरली, तर घंटा वाजत नसेल का? काहींच्या बाबतीत वाजत असावी. जठराच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर तर जेवणानंतर दोन-तीन तासांनी साखर खरोखर कोसळू शकते, अशी शस्त्रक्रिया झालेल्यांना हा लेख लागू करू नये. तिसरा आक्षेप दुखावलेल्या मनाचा : ‘म्हणजे सगळे मनाचे खेळ?’ मुळीच नाही. ॲड्रेनालिन रक्तातच असतं आणि हात खरंच थरथरतात. रिकाम्या पोटी लागोपाठ दोन कप चहा हेही त्यात भर घालतात, त्याला कुणी मनाचा खेळ म्हणत नाही.

साखर आणखी उतरून साधारण पन्नाशीच्या आत गेली की मेंदूची उपासमार सुरू होते. माणूस असंबद्ध बोलतो, ओळखीची वाट चुकतो, विचित्र वागतो, झटकेही येऊ शकतात. आणि नंतर त्याला त्यातलं फारसं आठवत नाही. घाबरलेल्याला उलट क्षणन् क्षण आठवतो. असंबद्धपणा किंवा शुद्ध हरपणं दिसलं, किंवा त्रास पहाटे उपाशीपोटी अथवा व्यायामानंतर होत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यात टाळाटाळ नको. स्वादुपिंडातली ती गाठ दुर्मीळ असली तरी खोटी नाही. इतरांनी, घरात ग्लुकोमीटर असेल, तर हात धुऊन त्रास चालू असतानाच साखर मोजावी आणि आकडा वेळेसकट लिहून ठेवावा. बोटाला गूळ किंवा फळाचा रस लागलेला असला तर यंत्र भलताच आकडा दाखवतं. साखरपाणी पिऊन झाल्यावरचा आकडाही या कामाला निरुपयोगी.

यात गुंता होतो तो इन्सुलिन किंवा तशा गोळ्या घेणाऱ्या मधुमेही माणसाला धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल चालू असेल तेव्हा. ही गोळी थरथर आणि धडधड दोन्ही दाबते, म्हणजे साखर खरोखर उतरली तरी घंटेचा आवाज दबलेलाच. घाम मात्र फुटतो, कारण घामाच्या ग्रंथींना मिळणारा निरोप वेगळ्या रसायनाचा असतो. त्या रसायनाविषयी पुढच्या आठवड्यात.