थंडीत मासा जेवत का नाही?

शाळांच्या सहली निघतात त्या हिवाळ्यात. मुंबईची सहल असली की पूर्वी मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय ठरलेलंच. १९५१ साली सुरू झालेलं हे मत्स्यालय गेली काही वर्षं बंद आहे. मुंबईपासून दूर असलेल्या मानवत गावातल्या मुलांना रंगीत मासे पाहायचे, तर एखाद्या दुकानातली किंवा दवाखान्यातली काचेची टाकी गाठावी लागते. पण थंडीचं विज्ञान समजून घ्यायला तेवढी टाकीही पुष्कळ झाली.

जानेवारीत सकाळी सातला अशा टाकीसमोर उभं राहा. हीटर नसेल, तर एरवी काचेवर धडका देणारे गप्पी आणि एंजल मासे तळाशी गपगार असतात. माशाच्या डोक्यामागे कल्ल्यांवरची झाकणं उघडमीट करताना दिसतील. घड्याळ लावून ती मिनिटाला किती वेळा हलतात ते मोजा. ऊन तापल्यावर, दुपारी दोनला, त्याच माशाची पुन्हा मोजणी करा. पाणी तापलं असेल, तर आकडाही बहुधा वाढलेला असतो.

आपण थंडीत स्वेटर घालतो, जास्त खातो, आणि शरीर ३७ अंशांच्या आसपास राहतं. बहुतेक माशांना ही सोय नाही. पोहताना त्यांच्या स्नायूंतही उष्णता तयार होते. पण रक्त प्राणवायू घ्यायला कल्ल्यांत येतं आणि तिथे त्याच्या नि पाण्याच्या मध्ये अगदी पातळ पडदा असतो. त्यातून प्राणवायू आत येतो आणि उष्णता बाहेर निसटते. म्हणून जेवढं पाणी गार, जवळजवळ तेवढाच मासा गार. ट्यूनासारखे थोडेच मासे याला अपवाद आहेत.

पाणी दहा अंशांनी उतरलं, की शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने निम्म्यावर येतो. पचनही मंदावतं, म्हणून मासा नीट जेवत नाही. गोल्डफिश हा मुळात थंड पाण्यातला, त्याला हे चालतं. गप्पी, एंजल, फायटर हे उष्ण प्रदेशातले. त्यांना २४ ते २८ अंश मानवतात. पाणी गार पडलं की त्यांची रोगप्रतिकारशक्ती खचते आणि अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. हा एका परजीवीचा रोग.

मग गोदावरी-दुधना या नद्यांतले मासे थंडीत कसे तगतात? उत्तर विहिरीवर सापडेल. ज्या पहाटे अंगणातल्या हौदाचं पाणी हाताला झोंबतं, त्याच पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. साठा मोठा नि खोल असला, तर एका रात्रीच्या थंडीने त्याला फारसा फरक पडत नाही. पन्नास लिटरच्या टाकीत मात्र हिवाळा एका रात्रीत शिरतो.

तेच गणित उलटं करू. पन्नास लिटर पाणी पाच अंशांनी तापवायला सुमारे १,०५० किलोज्यूल उष्णता लागते. १०० वॅटचा हीटर हे काम करायला जवळपास तीन तास घेईल. काचेतून निसटणारी उष्णता धरली तर आणखी जास्त. म्हणूनच लिटरमागे एक ते दोन वॅट असा हिशेब ठेवतात आणि आपोआप बंद-चालू होणारा हीटर घेतात. मागे आणि बाजूंना थर्माकोल लावला, तर वीज गेल्यावरही पाणी लवकर निवत नाही.

घरी टाकी असेल, तर थंडीत खाद्य कमी करा. न खाल्लेलं खाद्य कुजून अमोनिया तयार होतो आणि त्यानेच मासे दगावतात. पाणी बदलताना थोडंच बदला आणि नवं पाणी टाकीइतकंच कोमट असू द्या. आणि टाकीत हात घालण्याआधी हीटरचं बटण बंद करायला विसरू नका.